दुखतंय, पण कसं?

"काकू, तुमच्या पायाची बोटं वळलीत."

मी पालथी झोपले होते. चेहरा उपचाराच्या टेबलाच्या गोल भोकात, डोळ्यांसमोर फरशीचा एक तुकडा आणि फिजिओथेरपिस्टच्या बुटांची टोकं. उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला तिचा अंगठा रुतला होता. "ठीक आहे ना?" असं तिने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, सरळ हात उचलला.

"तोंडाने तुम्ही हो म्हणताय आणि पाय नाही म्हणताहेत. श्वासही मघापासून अडकलाय. मी पायांचं ऐकते."

मला काय बोलावं ते कळेना. दुखणं सहन करणं हाच उपचारातला माझा वाटा, असंच मी धरून चालले होते. तिने तो वाटा काढून घेतला तेव्हा मला मोकळं वाटायला हवं होतं, पण आधी भीती वाटली. आता मी काय करायचं?

हे दुखणं कुठून आलं ते आधी सांगते. माझी आई शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. दिवसा मदतीला माणूस असे, रात्री मी. मधल्या वेळात माझं मुद्रितं तपासायचं काम चाले, तेही उजव्या कोपरावर भार देऊन, मान खाली घालून. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलो वजनाचं असतं आणि मान पुढे झुकली की ते पेलायचं सगळं ओझं मानेच्या आणि फऱ्याच्या स्नायूंवर येतं, हे मला फार नंतर समजलं. आई गेली. तिची कूस बदलायचं काम थांबलं, पण फऱ्याच्या आतलं ते दुखणं थांबलं नाही. उलट रात्री दर दोन तासांनी मला जाग येई आणि उठायचं काही कारण नसे, तेव्हा ते जास्तच जाणवे.

त्या दिवसांत मी कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी मालिश करून घेतलं. तिथे कोपराने दाबायचे. "गाठी फुटल्या पाहिजेत, दुखेल तेवढं चांगलं," असं सांगितलं गेलं. मी दात आवळून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पाठीवर हिरवे-निळे डाग उठले होते, तीन दिवस हात डोक्यावर नेता येत नव्हता. आणि तरीही आठवड्याने मी पुन्हा तिथेच गेले. इतकं दुखतंय म्हणजे आत काहीतरी सुटत असणार, अशी माझी पक्की समजूत होती. त्या वेळचा राग मला अजून आहे. दाबणाऱ्याने एकदाही विचारलं नाही याचा तर आहेच, पण "पुरे" हा एक शब्द मला उच्चारता आला नाही याचं वाईट जास्त वाटतं.

शेवटी रीतसर डॉक्टरांकडे गेले. ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठवेल असं दुखणं आहे का, हाताची पकड सुटते का, लघवीवरचा ताबा गेलाय का, असं एकेक विचारून, हात-मान हलवून बघून त्यांनी सांगितलं, की घाबरण्यासारखं काही दिसत नाही, स्नायूंचं दुखणं आहे, फिजिओथेरपी घ्या. तिथे मला ती भेटली. वय असेल तिशीचं. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला काकू.

पहिल्या भेटीतला अर्धा वेळ तिने मला हातसुद्धा लावला नाही. नुसतं विचारत होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का? मधुमेह? हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय? पोटरी सुजून लाल, गरम झाली होती का? हा प्रश्न मला विचित्र वाटला, कारण माझी तक्रार पाठीची होती. तिने सांगितलं, पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असली आणि तिथे चोळलं, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून पाठ दाखवायला आलेल्यालाही पोटरीचं विचारायचं. मघाशी सांगितलेल्या त्या आधीच्या ठिकाणी मला नावाशिवाय काहीच विचारलं नव्हतं.

मग आला आकड्यांचा प्रश्न. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं जास्त. तुमचं किती?"

"पाच," मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पाच हा मधला आकडा, कुणालाच त्रास न देणारा.

"बरं, पाच. आणि कसं दुखतं?"

"म्हणजे?"

"आकडा मला किती ते सांगेल. कसं ते तुम्हालाच सांगावं लागेल. कुठल्या शब्दात सांगाल?"

तीस वर्षं मी इतरांच्या शब्दांवर नजर ठेवत आले आहे. "वेदना" कुठे हवं आणि "दुखणं" कुठे, यावरून लेखकांशी तासन् तास बोलले आहे. आणि माझ्याच पाठीला काय होतंय हे सांगायला मला शब्द सापडेना. "दुखतं" याच्यापुढे मी कधी गेलेच नव्हते.

तिने घाई केली नाही. रोनाल्ड मेल्झॅक नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांच्याबद्दल सांगितलं. रुग्ण आपलं दुखणं कोणकोणत्या शब्दांत सांगतात याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७५ साली एक प्रश्नावली तयार केली. त्यांच्या विद्यापीठावरून तिला मॅकगिल प्रश्नावली म्हणतात. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. रुग्णाने आपले शब्द निवडायचे. "तुमचे शब्द तुम्ही घरून आणा," ती म्हणाली.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. दुखण्यासाठी माझ्या भाषेत इतके शब्द आहेत हे मला माहीत होतं, पण कधी एका जागी मांडून पाहिले नव्हते. कळ उठते आणि ओसरते. चमक निघते, विजेसारखी, आणि जाते. तिडीक डोक्यात जाते. सल काट्यासारखा एकाच जागी राहतो. ठणका नाडीबरोबर पडतो, ठसठसही तशीच, पण लहान जागेतली. चुरचुर कातडीवरची. भगभग आगीची. रग लागते ती हात खूप वेळ एकाच स्थितीत धरला की. अंग आंबून जातं ते सवय नसलेल्या श्रमांनी. मान अवघडते, कंबरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, बोट बधिर होतं. मार लागलेली जागा हुळहुळते, बोट लावू देत नाही. लिहिता लिहिता पान भरलं. मग डोळे मिटून फऱ्याकडे लक्ष दिलं. दिवसभर असते ती रग. मान उजवीकडे वळवली की आतून ओढ. संध्याकाळी एकाच जागी सल, नेमका बोट ठेवता येईल असा, पण माझं बोट तिथे पोचत नाही. आणि आधीच्या त्या मालिशनंतर तीन दिवस जे होतं, ते हुळहुळणं होतं. ती तर मार लागलेल्या जागेची खूण! ते सुटणं वगैरे काही नव्हतंच.

पुढच्या वेळी मी तो कागद तिला दिला. तिने तो वाचला आणि माझ्याकडूनच पेन मागून घेऊन शब्दांना खुणा केल्या. रग, ओढ, आंबणं, गोळा हे बहुतेक स्नायूंचे. चमक, तिडीक, मुंग्या, भगभग, बधिरपणा यांत नसांचा संबंध असू शकतो. ठणका आणि ठसठस असेल तर आत सूज आहे का ते बघायचं. हुळहुळणं कातडीचं किंवा मुक्या माराचं. "अगदी काटेकोर नाही हं हे," ती म्हणाली, "पण टेबलावर यातला एक शब्द तुम्ही बोललात तरी मला पुढे जायचं की थांबायचं ते कळेल."

आणि त्याच दिवशी टेबलावर चढल्यावर, हातात शब्द असूनही, मी दोनदा "हो" म्हटलं आणि पायाची बोटं वळवून पडले. सवय इतकी खोल असते.

तिने मग आमच्यात एक करार ठरवला. दाब सहापर्यंत चालेल, सहाच्या वर गेला की मी बोलायचं. ती एका जागी दाब देऊन थांबेल. थांबल्यावर दुखणं उतरत गेलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात उतरलं नाही, किंवा चढतच गेलं, तर दाब जास्त आहे. श्वास लांब सोडता येत नसेल, तरी दाब जास्त आहे. "सहन करणं तुमचं काम नाही," ती म्हणाली. "तुम्ही अंग आवळलंत, की मी ज्या स्नायूला सैल करायला बघतेय तोच घट्ट होतो. मग तुम्ही माझ्याशी झगडता आणि मी तुमच्याशी."

पुन्हा अंगठा त्याच जागी आला. तोच सल. "पाच," मी म्हटलं. "साडेपाच." ती तिथेच थांबली. मी श्वास सोडला. काही क्षण काहीच घडलं नाही. मग त्या टोकदार सलाच्या कडा बोथट झाल्या, तो पसरून रुंद झाला, दंडाच्या मागच्या बाजूपर्यंत एक जड ऊब उतरली. "चार." पिळून ठेवलेलं ओलं कापड कुणीतरी सैल सोडावं तसं. "तीन." दुखत होतं, आणि तो अंगठा तिथून हलू नये असंही वाटत होतं. हवंहवंसं दुखणं. त्या कोपराखालच्या दुखण्याशी याचं काही नातं नव्हतं. दोन्हींना मी इतकी वर्षं एकाच शब्दात कोंबत होते.

गाठ फुटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, बोटाखाली घट्ट पट्टी लागते ती खरी, ती कशामुळे होते यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण अंगठ्याने ती फुटत नाही. दाब मज्जासंस्थेशी बोलतो. मूल पडलं की आपोआप गुडघा चोळतं ना? स्पर्श आणि दाब यांचे निरोप जाड, वेगवान तंतूंमधून जातात, रेंगाळणाऱ्या दुखण्याचे बारीक, संथ तंतूंमधून. मेल्झॅक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की हे निरोप मेंदूकडे जाण्याआधी मणक्यातल्या रज्जूत जणू एक दार असतं आणि स्पर्शाचे निरोप ते दार दुखण्यासाठी थोडं लोटून घेतात. त्या सिद्धांतातल्या बारकाव्यांत पुढे बदल झाले, पण दुखण्याचा निरोप वाटेत कमी-जास्त होऊ शकतो ही त्यातली मुख्य गोष्ट टिकली. मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते दार लोटतात. म्हणून भीती वाटत असताना तोच दाब जास्त दुखतो, आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा हाताखाली कमी. हे ऐकल्यावर मला ती पायाची बोटं आठवली.

आरामाच्या बारीकसारीक गोष्टींबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांना मी आधी उपचारात धरतच नव्हते. पालथं झोपल्यावर घोट्यांखाली गुंडाळी नसेल तर कंबर ताणलेली राहते. चेहऱ्याच्या भोकात दहा मिनिटांत नाक चोंदतं. पाठ उघडी असते, घाम वाळतो आणि अंग थंडीने आक्रसतं, मग कितीही चांगला हात असो, उपयोग नाही. ती प्रत्येक वेळी जेवढ्या भागावर काम करायचं तेवढाच उघडा ठेवी, बाकी चादर. चादर सरकवण्याआधी विचारी. हात आधी एकमेकांवर चोळून गरम करी. हे सगळं मी सौजन्यात मोजत होते, पण दाब पाचावर राहतो की सातावर जातो हे यावरही ठरत होतं.

टेबलावरच्या दुसऱ्या वेळी मी धीर करून सांगितलं, की मला पालथं झोपवत नाही, जीव गुदमरतो. "मग कुशीवर झोपा की! आधी नाही का सांगायचं?" तिने मला डाव्या कुशीवर वळवलं. एक उशी दोन गुडघ्यांमध्ये, एक पाठीला टेकवून, एक पोटाशी धरायला. मी ती उशी कवटाळली आणि एकदम ओळखलं. आईला मी असंच झोपवत असे. याच तीन उशा, याच जागी. रात्री अडीच वाजता, झोपेत, चुकलं तर नाही ना असं वाटत मी त्या लावायची. ते इतकं सुखाचं असतं हे मला आज स्वतः त्या उशांच्या मध्ये झोपल्यावर कळत होतं.

तिने सुरुवात नेहमीसारखी केली, तळव्याने मानेपासून कंबरेपर्यंत लांब, सावकाश हात फिरवत. शेवटही ती तसाच करी. या हात फिरवण्याला मी बिनकामाचं समजत होते, खरं काम म्हणजे अंगठ्याचं. तिने सांगितलं होतं, की केस असलेल्या त्वचेत काही तंतू असे असतात, ज्यांना सावकाश, हळुवार स्पर्शच जास्त कळतो, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा. त्याहून घाईचा हात त्यांना तेवढा पोचत नाही. त्या दिवशी अंगठ्याचं काम संपलं, पाचावरून दोनावर आलं, मी एकदाही कण्हले नाही. आणि शेवटचा लांब हात पाठीवरून फिरायला लागला तेव्हा मला रडू आलं. दुखल्याचं नव्हे. आई गेल्यापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, माझ्या पाठीवरून असा हात कुणी फिरवला नव्हता. हात फिरवणारी मीच होते.

तिचा हात थांबला, पण उचलला नाही. दोन्ही फऱ्यांच्या मध्ये सपाट, उबदार ठेवला. "थांबू का चालू ठेवू?"

"चालू ठेव," मी म्हटलं. मॅडम राहिलं बाजूला, पहिल्यांदाच मी तिला एकेरीत बोलले. तिनेही ते तसंच घेतलं.

उठून बसल्यावर मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईचे पाय रोज रात्री मी चेपत असे. पूर्वी तिला ते आवडायचं, जोर लावून चेपलेलं. शेवटच्या काही महिन्यांत ती म्हणायची, "पाय भगभगताहेत गं." मी आणखी जोर लावायची. पायावरची चादरसुद्धा ती बाजूला सारायची, मला वाटायचं उकडत असेल. एकदा ती हळूच "नको" म्हणाली. मला त्रास नको म्हणून नाही म्हणतेय, असं समजून मी चेपत राहिले. आईला पंचवीस वर्षांचा मधुमेह होता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मधुमेहात पायाच्या नसा बिघडतात, तेव्हा असं होतं. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. त्याला चेपण्याचा उपयोग नसतो, त्याची औषधं वेगळी असतात." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना काकू."

कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण आईने सांगितलं होतं. रग म्हणाली नव्हती, ओढ म्हणाली नव्हती. आयुष्यभर दोन्ही शब्द वापरलेली बाई होती ती. तिने नेमका शब्द निवडून दिला होता, आणि शब्दांचं काम करणाऱ्या मुलीने तो नुसता "दुखतंय" म्हणून ऐकला. हे मी मनाला लावून घेऊ नये असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मला ते लावून घ्यायचं आहे.

तिसऱ्या वेळेपासून मी बोलायला लागले. मानेच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर ती बोटांनी तपासत असताना माझ्या अंगठ्यात झिणझिण्या आल्या. "मुंग्या! अंगठ्यात!" वाक्यसुद्धा पूर्ण न करता मी ओरडले. त्याच क्षणी तिचा हात सुटला. तिथे मानेच्या दोन स्नायूंच्या फटीतून हाताच्या नसांचा जुडगा खाली उतरतो, त्यावर दाब येता कामा नये, असं तिने समजावलं. झिणझिण्या लगेच थांबल्या. तिने बोटं हलवायला लावली, स्पर्श सारखा लागतो का ते पाहिलं, आणि त्या दिवशी त्या भागाकडे पुन्हा गेली नाही. मी गप्प बसले असते तर? तिच्या बोटांना आतलं किती कळणार! स्नायूचा ताठरपणा तिला लागत होता, मुंग्या फक्त मला.

चौथ्या वेळी उलटंच झालं. मान आणि खांदा यांच्या मधल्या जाड स्नायूला तिने चिमटीत धरलं आणि माझ्या उजव्या कानशिलात दुखायला लागलं. "इथे नाही, डोक्यात दुखतंय, नेहमीचं!" ते नेहमीचं डोकं दुखणं मी चष्म्यावर ढकलत आले होते, दोन वेळा नंबर तपासून झाला होता. एका ठिकाणचा स्नायू दाबला की दुखणं दुसरीकडे उमटतं, हे तिला नवीन नव्हतं. जेनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टर, पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्याही डॉक्टर झाल्या, त्यांनी अशा जागांचे नकाशेच करून ठेवले आहेत. कुठे दाबलं की कुठे दुखतं याचे. त्यांनी यामागची जी कारणं दिली त्यांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण माझ्या कानशिलापुरता नकाशा बरोबर होता. इथे हात काढायची गरज नव्हती. दाब हलका ठेवून ती तिथेच राहिली, आणि कानशिलातलं दुखणं उतरलं.

दुसऱ्या दिवशी अंग आंबल्यासारखं व्हायचं, खूप दिवसांनी व्यायाम केल्यावर होतं तसं. एक-दोन दिवसांत जायचं. हे तिने आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. चोळल्याने शरीरातली विषारी द्रव्यं सुटतात, साचलेलं आम्ल निघून जातं, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. ती हे कधी म्हणाली नाही. नको ती द्रव्यं काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि श्रमानंतरचं लॅक्टेट, ज्याला लोक साचलेलं आम्ल म्हणतात ते, तास-दीड तासात आपोआप कमी होतं, त्याला मालिश लागत नाही.

मालिशचा आराम किती टिकतो, याबद्दलही तिने मला गोड बोलून फसवलं नाही. काही दिवस टिकेल, म्हणाली, आणि त्या दिवसांत जे एरवी दुखतं म्हणून करवत नाही ते करून घ्यायचं. रबरी पट्टा ओढून फरे मागे आणण्याचा व्यायाम, हनुवटी आत घेण्याचा व्यायाम, आणि दर अर्ध्या तासाने मुद्रितांवरून उठायचं. पट्टा ओढताना हातांना रग लागायची, आणि ती रग चांगली आहे हे आता मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

सात आठवड्यांत सहा वेळा गेले. दुखणं गेलं नाही. पण कधी येतं ते कळतं, बहुतेक दोनावर असतं, आणि सलग तीन तास वाकून बसले की चारावर जातं. आता हे आकडे मी मधला म्हणून सांगत नाही.

शेवटच्या दिवशी काम संपवून ती बाजूच्या स्टुलावर बसून नोंद लिहीत होती. लिहिता लिहिता पेन ठेवून तिने डाव्या हाताने उजव्या अंगठ्याचं मूळ धरलं. दिवसभर माणसांच्या पाठींवर दाब देणारा अंगठा. मी चादर पांघरून बसले होते.

"दुखतंय?"

"नाही हो, थोडंसं."

"कसं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अंगठा हळूच फिरवून पाहिला, एकदा आत, एकदा बाहेर.

"रग नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सलतंय. आत, सांध्यात."

मी हात पुढे केला. तिने तिचा हात माझ्या तळव्यावर ठेवला. मी तो दाबला नाही, नुसता धरून बसले.